तिसरं पायडल

ती गाडी आमच्या अंगणात आली ती ट्रॅक्टरच्या मागे दोरखंडाला बांधून. अभनपूरकडच्या एका राइस मिलच्या गोदामातून निघालेली ही मिरवणूक रायपूरमधल्या गुढियारीत आमच्या गल्लीत वळेपर्यंत दुपारचे दोन वाजले होते, आणि वळताना ती अडकली. एवढी लांब गाडी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणी पाहिलीच नव्हती. दारं दोनच, पण एकेक दार आमच्या घराच्या दारापेक्षा रुंद. बोनेटवर दोन माणसं आरामात झोपली असती. रंग कधीकाळी गडद निळा असावा. आता वर धानाच्या भुशाचा थर बसला होता.

आई दारात उभी राहून बघत होती. "काहून आणलं हे धूड? ठेवसान कुठं?"

"अंगणात," बाबा म्हणाले. "तुळस सरकवू थोडी."

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले होते. रिटायर झाल्यावर चार दिवस घरी बसले आणि पाचव्या दिवशी अंगणात टिनाचं शेड उभारलं. पिठाच्या चक्कीची मोटर, शेतातला पंप, कोणाची जीप, काहीही तिथे यायचं. "होत नाही" हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. दुसऱ्या मिस्त्रीनं होत नाही म्हटलेलं काम आलं की त्यांची भूक वाढायची, आणि आई त्या दिवशी कणीक जास्त मळायची.

नवं राज्य होऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय बसलं होतं. भोपाळहून बदलून आलेले बाबू लोक खोल्या शोधत गल्लोगल्ली फिरायचे. मी बांधकाम खात्यात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून देणारी. राजधानी झाल्यामुळे शहरातला प्रत्येक रस्ता रुंद व्हायचा होता, तेव्हा दहा ते पाच मी टेबलावर रस्ते रुंद करत बसायचे. कोणाचा ओटा जाणार, कोणाचं कडुलिंब जाणार, ते त्यांच्याआधी मला कळायचं. बोटांवरची शाई रविवारीसुद्धा निघायची नाही.

गाडीबरोबर मिलचे मालक स्वतः आले होते. पन्नाशीचे, पांढरा कुर्ता, बोलायला मोकळे. त्यांनी सांगितलं की गाडी त्यांच्या वडिलांनी एका परदेशी इंजिनियरकडून घेतली होती. तो कुठल्याशा धरणाच्या कामावर आला होता आणि परत जाताना विकून गेला. अमेरिकन गाडी, आठ सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंग डाव्या बाजूला. "ऑटोमॅटिक है, भैया. गियर खुद बदलती थी. अब न आगे जाती है, न पीछे. दस साल से खड़ी है."

"काय करायचं आहे हिचं?" बाबांनी विचारलं.

"लड़के की शादी में निकालनी है. बस चलनी चाहिए. कैसे भी."

बाबांनी हे 'कैसे भी' मनावर घेतलं.

पुढच्या रविवारी त्यांनी जॅक लावून गाडी उचलली आणि गियर बॉक्स खाली उतरवला. आतून काळं, जळक्या वासाचं तेल आलं. आतल्या चकत्या करपलेल्या भाकरीसारख्या झाल्या होत्या. बाबांनी नागपूरला ओळखीच्या मिस्त्र्यांना फोन केले, एकदा स्वतः जाऊनही आले. हा माल कुठेच मिळणार नव्हता. परत आल्यावर चहा पिता पिता म्हणाले, "हे काढून टाकू. साधा गियर बॉक्स बसवू, क्लचवाला. मंग ही कोणाच्या बापाले ऐकत नाही."

टाटीबंधच्या कबाड्याकडून त्यांनी एका छोट्या ट्रकचा गियर बॉक्स आणला. आता प्रश्न असा की इंजिन एका देशाचं आणि गियर बॉक्स दुसऱ्या. एकाची भोकं दुसऱ्याच्या भोकांवर बसत नव्हती. दोघांच्या मध्ये लोखंडाची एक जाड पाटी लागणार होती, एका अंगानं इंजिनशी जुळणारी, दुसऱ्या अंगानं गियर बॉक्सशी. आणि दोन्हींचा मध्य एकच पाहिजे. केसभर सरकला तर बेअरिंग महिन्याभरात खलास.

बाबा माझ्याकडे वळले. "तुले नकाशा काढता येते ना?"

माझी नोकरी लागून सहा वर्षं झाली होती. मी ऑफिसात नेमकं काय करते हे बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

इंजिनच्या मागच्या तोंडाला आम्ही काजळी आणि ग्रीस फासलं, त्यावर कागद दाबला आणि ठसा घेतला. तसाच गियर बॉक्सचाही. मग मी अंगणातल्या बाजेवर ड्रॉइंग बोर्ड मांडून बसले. बाबा व्हर्नियर लावून मापं सांगायचे, मी लिहून घ्यायचे. रेल्वेतल्या माणसाची मापं, एकदा सांगितली की बदलत नाहीत. ते सांगत असताना त्यांचा आवाज वेगळाच असायचा. घरात "मीठ दे" म्हणतानाचा नव्हे, कारखान्यातल्या जोडीदाराशी बोलतानाचा.

पाटी लेथवाल्याकडून बनून आली. चकचकीत, जड, सुंदर. बाबांनी ती इंजिनला लावली आणि खाली बसले. सगळी भोकं उलटी. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. मी पारदर्शक कागदावर काढलं होतं आणि कोणती बाजू इंजिनकडची हे लिहायला विसरले होते. लेथवाल्यानं कागद पालथा धरला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा पाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आरशात पाहून काढली काय वं?" मग हसू लागले. आई बाहेर येऊन बघून गेली. दुसऱ्या कागदावर मी एवढ्या मोठ्या अक्षरांत 'इंजिनकडची बाजू' लिहिलं की नकाशाला जागा कमी पडली.

दुसरी पाटी बसली. पुढचं काम बाबांचं एकट्याचं होतं. जड फ्लायव्हील घडवून घेणं, मागचा लांब शाफ्ट कापून आखूड करणं, गियरच्या दांड्यासाठी तळाचा पत्रा कापणं. आणि क्लचचं पायडल. जुन्या गाडीत दोनच पायडलं होती, रेस आणि ब्रेक. तिसरं जिथं बसवायचं तिथं, स्टिअरिंगखाली अगदी डावीकडे, तळाला एक चामड्याचा पट्टा स्क्रूनं ठोकलेला होता. बक्कलसकट. बाबांनी विचारलं, "हे काय असन?"

"सामान बांधायचं असेल काही," मी म्हणाले.

त्यांनी पट्टा काढून कोपऱ्यात टाकला.

गाडी सुरू झाली त्या दिवशी पारा गोळा झाला. खालून अशी गुरगुर निघाली की शेजारच्या घरातली भांडी वाजू लागली. बाबांनी पायडल दाबलं, पहिला गियर टाकला, आणि ती गल्लीतून डौलात निघाली. मैदानापर्यंत जाऊन आले ते घामानं भिजून. उतरल्यावर त्यांनी बोनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मला म्हणाले, "तुही पाटी एकदम बराबर बसली." मी ते ऑफिसात दोन दिवस सगळ्यांना सांगत होते.

मिलमालक गाडी बघायला आले ते जीपमधून, आणि बरोबर त्यांची मोठी बहीण होती. साठीच्या आतबाहेरची, उंच, केस घट्ट बांधलेले, पंडरीच्या कापडबाजारात मिळते तशी साधी सुती साडी. ती जीपमधून उतरली तेव्हा आधी कुबडी जमिनीवर आली. डाव्या पायात मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा बूट होता. लहानपणीचा पोलिओ. रायपूरच्या मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि नागपूरला शिकल्यामुळे तिला आमची मराठी सगळी समजायची, बोलायची मात्र हिंदीत. सगळे तिला दीदी म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो.

ती सरळ चालकाच्या दाराशी गेली. भाऊ काही बोलायच्या आत दार उघडून आत बसलीसुद्धा, इतक्या सवयीनं की बघत राहावं. कुबडी मागच्या सीटवर टाकली. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला. मग हात खाली गेला आणि काहीतरी चाचपू लागला. मी शेडच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"भैया, मेरा पट्टा?"

बाबांना काही समजलं नाही. तिनं वाकून पाहिलं. "और यह तीसरा क्या है?"

"क्लच है, दीदी," बाबा म्हणाले. म्हणता म्हणता त्यांचं त्यांना समजलं.

मग तिनंच सांगितलं, रागावून नाही, वर्गात सांगावं तसं. वडिलांनी ही गाडी शोधून शोधून घेतली होती, कारण हिला एकच पाय लागायचा. डावा पाय ब्रेकखाली सरकू नये म्हणून पट्टा त्यांनीच लावून घेतला होता. त्या गाडीनं ती कितीतरी वर्षं अभनपूरहून शाळेत आली-गेली. गियर बॉक्स बिघडला तेव्हापासून कोणाच्या तरी मागे बसून जात होती.

भाऊ म्हणाला, "दीदी, अब इस उमर में कहाँ चलाओगी? ड्राइवर रख देंगे ना." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ती पुन्हा कधी चालवेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दीदी बाबांकडे वळली. बाबांना म्हणाली, "आपने बहुत अच्छा काम किया है. आवाज़ वही है." आणि कुबडी घेऊन जीपमध्ये जाऊन बसली. रविवारी ड्रायव्हर पाठवतो असं सांगून भाऊही गेला.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आई म्हणाली, "त्यानं सांगाले पाहिजे होतं. तुमची काय चूक?"

"मी इचाराले पाहिजे होतं," बाबा म्हणाले. "गाडी कोण चालवते, एवढंच इचारायचं होतं. चाळीस वर्सं नोकरी केली आन् हे नाही इचारलं."

मी पट्ट्याबद्दल बोललेलं त्यांनी काढलं नाही. मलाच ते सलत होतं. मी कोपऱ्यातून तो उचलला, पुसला. चामडं मधोमध पाय घासून घासून गुळगुळीत झालं होतं. सामान बांधायचा पट्टा असा झिजत नाही, हे नीट बघितलं असतं तर मला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली आणि आम्ही बसनं अभनपूरला गेलो. बाबांच्या पिशवीत एक स्प्रिंगचा वजनकाटा होता, रद्दीवाले वापरतात तो. दीदी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होती. बाबा उभ्याउभ्याच म्हणाले, "दीदी, मेरे को एक महीना दो. और मेरे को आपका हाथ देखना है."

"हाथ? भविष्य बताओगे?"

"नहीं. ज़ोर."

काट्याचं एक टोक खांबाला बांधलं, दुसरं तिच्या हातात दिलं. तिनं नुसत्या बोटांनी ओढलं तर काटा बाबांच्या अंदाजाच्या दुप्पट गेला. बाबांनी स्वतः ओढून पाहिलं. तिच्याएवढंच भरलं. "पचास साल बैसाखी पकड़ी है, भैया," ती म्हणाली. "पैर का काम हाथ ही करते आए हैं." मी बरोबर नेलेल्या कागदावर तिचा पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. तिला गंमत वाटली. म्हणाली, नकाशे मी जन्मभर शिकवले, माझाच कोणी काढला नव्हता.

ड्रायव्हर पाठवू नका, असं तिनंच भावाला सांगितलं असावं. रविवारी कोणी आलं नाही.

बाबांनी आधी स्टिअरिंगच्या डावीकडे, दाराजवळ, क्लचसाठी एक हाताचा दांडा लावला. डाव्या हातानं तो ओढायचा आणि उजव्यानं गियर टाकायचा. दीदी आली, बसली, एकदा ओढून पाहिला आणि विचारलं, "और स्टेयरिंग कौन पकड़ेगा?"

बाबांनी आपल्याच दोन हातांकडे पाहिलं. मग ती हसली, मी हसले, आणि शेवटी बाबाही कपाळावर हात मारून हसले. ते तसेच उठून शेडबाहेर गेले. बाहेर त्यांची जुनी स्कूटर उभी होती. ते तिच्यावर बसले, क्लच दाबला, मूठ फिरवून गियर बदलला. पुन्हा दाबला, पुन्हा बदलला. आईला वाटलं यांना उन्हाचं काही झालं. ते तिथूनच ओरडले, "एकाच हातात! क्लच बी आन् गियर बी, एकाच हातात!"

स्कूटरला जे असतं तेच गाडीच्या गियरच्या दांड्यावर बसवायचं ठरलं. मूठ धरायची, बोटांनी पट्टी दाबली की क्लच सुटेल, आणि त्याच हातानं दांडा सरकवायचा. डावा हात स्टिअरिंगवर मोकळा. दीदीच्या पंज्याच्या नकाशावरून मी पट्टीचा बाक काढला. पण एवढ्या मोठ्या इंजिनचा क्लच बोटांनी दाबणं दीदीच्या हातालाही पुन्हा पुन्हा जमलं नसतं. त्यावर बाबांनी दहा दिवस घालवले. शेवटी कबाड्याकडून एका व्हॅनच्या ब्रेकचा बूस्टर आणला. इंजिन चालताना आत हवा ओढतं, त्या ओढीचा जोर हा डबा वापरतो. बोटांनी इशारा करायचा, बाकीचं इंजिनच करतं.

सगळं बसल्यावर बाबांनी दीदीला विचारलं, "खालचं पायडल ठेवू का? दुसऱ्या कोणाले चालवायची असली तर."

भाऊ शेजारीच उभा होता. दीदी म्हणाली, "निकाल दीजिए."

तिथं पुन्हा पट्टा बसला. गोल बाजारजवळच्या एका मोच्याकडून बाबांनी नवा शिवून आणला होता, पण दीदीनं जुनाच मागितला.

एवढं झालं तरी दीदीला गाडी चालवता येत नव्हती. तिनं जन्मात कधी गियर बदलला नव्हता. आता या वयात मूठ सोडली की गाडी गचका खाऊन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा गचका. शहराबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात आमची शिकवणी चालायची, बाबा शेजारी, मी मागे कुबडीसोबत. बाबा तसे तापट. वर्कशॉपात त्यांच्या आवाजाला लोक बिचकायचे. पण तिथे ते एकच वाक्य म्हणायचे, "हळू सोडा दीदी, चिमणी सोडल्यासारखी." तिसऱ्या रविवारी ती तिसऱ्या गियरपर्यंत गेली. मग अभनपूरच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे धान कापून झालेलं होतं. खिडकीतून वारा येत होता. दीदीच्या चेहऱ्याकडे मी आरशातून पाहत होते, मग मला वाटलं पाहू नये, आणि मी बाहेर पाहू लागले.

लग्नात नवरदेवाची गाडी तिनंच चालवली. भाऊ मागे बसला होता. वरातीत गाडी माणसांच्या चालीनं न्यायची असते, तिथं तर क्लचची खरी परीक्षा. एकदाही बंद पडली नाही. भाऊ फक्त एकदा म्हणाला म्हणे, "दीदी, बैंड वालों को आगे निकलने दो."

त्यानंतर सहा-सात वर्षं ती गाडी आमच्या गल्लीत येत राहिली. दीदीला कुठं जायचं असायचं असं नाही. हॉर्न वाजायचा, बाबा शर्ट चढवत बाहेर. कधी मलाही न्यायची. मला गाडी तिनंच शिकवली, त्याच मुठीवर. त्याचा परिणाम असा झाला की पुढे लग्नानंतर मी साध्या गाडीवर लायसन्सची परीक्षा द्यायला बसले तेव्हा गियर बदलायला उजवा हात दारावर आपटला आणि डाव्या पायाला काय काम असतं ते आठवेचना. परीक्षक म्हणाले, "मॅडम, कोणी शिकवलं तुम्हाला?" मी सांगत बसले नाही. दुसऱ्या खेपेला पास झाले.

ऑफिसात तोवर कॉम्प्युटर आले. माझे पेन आणि शाईच्या बाटल्या कपाटात गेल्या, नवीन आलेली पोरं पडद्यावर रस्ते रुंद करू लागली. आमचं मैदानही एका नकाशात गेलं. तो नकाशा मी काढला नव्हता.

दीदीचे खांदे दुखू लागले आणि डॉक्टरांनी कुबडीऐवजी चाकाची खुर्ची दिली. ती जबलपूरला भाचीकडे राहायला जायची होती. गाडी जुन्या गाड्यांची हौस असलेल्या एकानं घेतली. तो लांबून ट्रक घेऊन आला होता. अभनपूरला आम्हालाही बोलावणं होतं. ट्रकच्या मागे दोन जाड फळ्या लावल्या होत्या, चढ चांगला उभा. त्याच्या ड्रायव्हरनं आत डोकं घातलं आणि म्हणाला, "इसमें तो क्लच ही नहीं है."

"है," दीदी म्हणाली. "हटो."

आम्ही दोघांनी तिला खुर्चीतून आत बसवलं. बाबांनी पाय उचलून पट्ट्यात घातला, बक्कल लावलं. त्यांची बोटं आता पहिल्यासारखी चालायची नाहीत, बक्कलला वेळ लागला. तिनं घाई केली नाही. मग गाडी सुरू झाली आणि अगदी हळू, फळीवर चाक टेकवून, क्लच बोटांवर तोलत तोलत ती वर चढू लागली. मधोमध एक क्षण थांबली. मागे सरकली नाही, बंद पडली नाही, नुसती हवेत धरून ठेवल्यासारखी थांबली. दीदीनं खिडकीतून बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. मग ती वर गेली.

उतरताना तिला चार जणांनी धरलं. चहा झाला. भाऊ बाबांना म्हणाला की तुम्ही त्या दिवशी बसनं आला नसता तर, आणि वाक्य तिथंच सोडून त्यानं बिस्किटांची बशी पुढे सरकवली. बाबा म्हणाले, "हव," आणि चहाचा कप खाली ठेवला.

परत येताना बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. वाटेत माना कँपला बस बरीच थांबली. मला वाटलं त्यांचा डोळा लागला. ते म्हणाले, "चढावर थांबवून दाखवली तिनं. गरज नव्हती थांबवायची."

"तुम्हाला दाखवायला," मी म्हणाले.

"मले समजलं नाही काय!" ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले.